‘सूटर’ म्हणजे कोण? मागणी, दावा आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा

पडघ्याच्या आमच्या श्रोत्यांना आता सवय झाली आहे की आम्ही एक शब्द घेऊन बसतो आणि तासभर त्याच्याभोवती फिरतो. आजचा शब्द मात्र आमचा नाही. गेल्या व्याख्यानानंतर खुर्च्या आवरत असताना बी.ए.ला असलेली एक मुलगी पुढे आली. तिच्या अभ्यासाला शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ होतं. त्यातल्या पोर्शियाला पाहायला देशोदेशीचे ‘सूटर’ येतात. शब्द अडला म्हणून तिने शब्दकोश उघडला. तिथे अर्थ मिळाले: लग्नाची मागणी घालणारा, वादी, अर्जदार, याचक. तिने विचारलं, “सर, एकच माणूस लग्नालाही उभा आणि कोर्टातही उभा, हे कसं? आणि आपल्याकडे त्याला नेमकं काय म्हणतात?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तिथेच उभ्या उभ्या देऊ शकलो. दुसऱ्याने मात्र आमचा महिना खाल्ला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या दोन प्रश्नांची उत्तरं.

आधी शब्दाचं मूळ बघू. लॅटिनमध्ये ‘सेक्वी’ असं क्रियापद आहे. अर्थ, मागोमाग जाणे, अनुसरणे. त्यावरून ‘सेक्यूटोर’ म्हणजे मागोमाग जाणारा. रोमच्या आखाड्यात ‘सेक्यूटोर’ नावाचा एक योद्धाच असे. त्याच्यासमोर जाळं आणि त्रिशूळ घेतलेला दुसरा योद्धा असायचा, आणि हा ढाल-तलवार घेऊन त्याच्या पाठी लागायचा. हे चित्र लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये उतरला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढची काही शतकं तिथल्या दरबाराची आणि न्यायाची भाषा फ्रेंच झाली. आपल्याकडे फारसीमुळे अर्ज, दावा, फिर्याद, वकील हे शब्द आले, तसाच हा प्रकार. तेराव्या-चौदाव्या शतकांत ‘सूटर’ म्हणजे आपल्या जमीनदाराच्या न्यायसभेला हजर राहणारा कूळ. धन्याने कचेरी भरवली की कुळांनी जाऊन बसायचं, ते त्यांचं कर्तव्यच होतं. म्हणजे सूटर हा अनुयायी, लवाजम्यातला माणूस. मग दरबारात जाऊन काही मागणारा तो सूटर झाला. मग न्यायासाठी दाद मागणारा, म्हणजे वादी. आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शेक्सपिअरच्या तरुणपणी, स्त्रीच्या हाताची मागणी करणारा पुरुषही सूटर म्हणवला जाऊ लागला.

पायऱ्या नीट दिसल्या ना? मागोमाग जाणारा, मग हजर राहणारा, मग मागणारा. जो मागे मागे येतो त्याला काहीतरी हवं असतं, एवढा साधा मानवी अनुभव त्या शब्दाच्या प्रवासात आहे. म्हणून एकच माणूस लग्नालाही उभा आणि कोर्टातही उभा. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये तर दोन्ही प्रकारचे मागणारे आहेत. एकीकडे पोर्शियाचा हात मागणारे राजपुत्र, दुसरीकडे कर्जाच्या बदल्यात शेरभर मांस मागायला कोर्टात आलेला शायलॉक.

या शब्दाचं गोत मोठं आहे. अंगातला सूट म्हणजे एकामागोमाग एक शोभणाऱ्या कपड्यांचा जोड. हॉटेलातला ‘स्वीट’ म्हणजे एकाला लागून एक अशा खोल्या. सिनेमाचा ‘सीक्वल’, गणितातला ‘सीक्वेन्स’, पाठलाग या अर्थाचा ‘पर्स्यूट’, सगळी एकाच घरातली भावंडं. (दुकानातली ‘सूट’ मात्र आपली, ती ‘सुटणे’वरून आली. तिचा यांच्याशी संबंध नाही.)

आणि आता गंमत बघा. ‘सेक्वी’चं मूळ ज्या प्राचीन धातूत आहे, त्याच धातूचं संस्कृत रूप आहे ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, अनुसरणे. त्यावरून आपला ‘सचिव’. सचिव म्हणजे मुळात सोबती, मग राजाचा सहायक. ‘सखा’ हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात धरतात. म्हणजे मंत्रालयातला सचिव, कृष्णाचा सखा सुदामा आणि पोर्शियाचा सूटर हे लांबचे का होईना, चुलतभाऊ आहेत. एकाच ‘मागोमाग जाण्या’तून एक शाखा सोबतीकडे गेली आणि दुसरी मागणीकडे गेली.

इथवर पहिलं उत्तर. आता दुसरं. आपल्याकडे सूटरला काय म्हणतात?

पहिला शब्द सुचतो तो ‘वर’. पण वर हा सूटर नव्हे. ‘वर’ आला ‘वृ’ या धातूवरून, आणि ‘वृ’ म्हणजे निवडणे. वरण म्हणजे निवड, वरमाला म्हणजे निवडीची माळ, स्वयंवर म्हणजे स्वतः केलेली निवड. देवाने दिलेला वरही त्यातलाच, कारण तो भक्ताने निवडून मागितलेला असतो. गायत्रीमंत्रातला ‘वरेण्य’ म्हणजे निवडावा असा. ‘नवरा’ हा शब्द ‘नव-वर’ यातून आला, आणि ‘वरात’ ही ‘वरयात्रे’तून.

म्हणजे शब्दाचा अर्थ सरळ घेतला तर वर म्हणजे निवडला गेलेला. निवडणारी कोण? अर्थात वधू. इंग्रजी शब्द पुरुषाने काय केलं ते सांगतो, तो मागे आला आणि त्याने मागितलं. आपला शब्द स्त्रीने काय केलं ते सांगतो, तिने निवडलं. शब्दांच्या पातळीवर बघाल तर आपली भाषा कितीतरी पुढची. आमच्यासारख्या माणसाला इथे थांबून टाळ्या घेण्याचा मोह होतो. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाने टाळ्यांच्या जागीच थोडं जास्त सावध राहायला हवं.

कारण व्यवहार शब्दाप्रमाणे चाललेला नाही. पुराणकथाच घ्या. दमयंतीचं स्वयंवर खरं स्वयंवर आहे. चार देव नळाचं रूप घेऊन बसले तरी तिने खरा नळ ओळखला आणि त्याच्या गळ्यात माळ घातली. सावित्री स्वतः रथात बसून वर शोधायला गेली, आणि नारदांनी सत्यवानाचं आयुष्य एक वर्षाचं आहे असं सांगितल्यावरही तिने निवड बदलली नाही. पण सीतेचं काय? रामायणात तिला ‘वीर्यशुल्का’ म्हटलं आहे, म्हणजे पराक्रम हेच जिचं मोल. जो धनुष्य उचलून दोरी लावील त्याला ती. राम निघाला, सगळं गोड झालं. पण रावणाने धनुष्य उचललं असतं तर? पण तर बापाचा, कसोटी धनुष्याची, आणि नाव मात्र स्वयंवर!

पोर्शियाचंही हेच. तिच्या बापाने मरताना तीन पेट्या ठेवल्या, सोन्याची, चांदीची आणि शिशाची. जो योग्य पेटी उघडेल त्याला ती. स्वतः निवडायचं नाही आणि आलेल्याला नाकारायचंही नाही, ही तिची तक्रार नाटकाच्या सुरुवातीलाच येते. म्हणजे सूटर म्हणवणारे जे आले, ते तिच्याकडे मागतच नव्हते. ते पेट्यांकडे मागत होते.

मग आपल्याकडे सूटरला जवळचा शब्द कोणता? आमच्या मते तो आहे ‘मागणी घालणारा’. आणि या ‘मागणी’त एक मौज दडलेली आहे. आपलं ‘मागणे’ आलं संस्कृत ‘मार्ग’ या धातूवरून, म्हणजे शोधणे, माग काढणे. ‘मार्गण’ म्हणजे शोध, आणि मार्गण म्हणजे याचकही. आपलं ‘मागे’ हे अव्ययही त्याच ‘मार्गा’तून आलं. मागावर असणे, मागे जाणे, मागणे, तिन्हींचं मूळ एक. (भिवंडी तालुक्यात माग म्हटलं की लोकांना आधी यंत्रमाग आठवतो. तो माग तूर्त बाजूला ठेवू.) लॅटिनमध्ये जे घडलं तेच इथे हजारो मैलांवर स्वतंत्रपणे घडलं. जो मागे येतो तो मागतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट टिपली.

पण मागणं म्हणजे तरी काय? आम्ही महिनाभर अडकलो ते इथे.

याचं उत्तर आम्हांला आपल्या व्याकरणात सापडलं. पाणिनीने विध्यर्थाची क्रियापदं कुठे कुठे वापरतात याची यादी दिली आहे. तीत विधी आहे, म्हणजे आज्ञा. प्रार्थना आहे. आणि शेजारी शेजारी दोन शब्द आहेत, निमंत्रण आणि आमंत्रण. आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, लग्नपत्रिकेवर कधी हा छापतो कधी तो. पाणिनीने ते वेगळे मोजले, आणि टीकाकारांनी फरक सांगितला. सतराव्या शतकातले भट्टोजी दीक्षित म्हणतात त्याचा आशय असा की निमंत्रण म्हणजे जे टाळता येत नाही ते. श्राद्धाच्या जेवणाला मुलीच्या मुलाला बोलावलं की त्याने आलंच पाहिजे, ते निमंत्रण. आणि आमंत्रण म्हणजे ज्यात समोरच्याला त्याच्या इच्छेप्रमाणे वागण्याची मोकळीक दिलेली असते. ‘बसा ना’ म्हटलं तर तो बसेल, नाही तर नाही बसणार.

बोलणाऱ्याचं वाक्य दोन्ही वेळा एकच असू शकतं. क्रियापदाचं रूप एक, आवाजातला गोडवाही एक. फरक कुठे आहे? समोरच्याच्या ‘नाही’त. ‘नाही’ म्हटल्यावर काहीच बिघडत नसेल तर ते आमंत्रण. ‘नाही’ म्हणायची सोयच नसेल तर ते निमंत्रण. आणि ‘नाही’ म्हटल्यावर शिक्षा होत असेल तर ती आज्ञा, किंवा कोर्टाच्या भाषेत दावा.

आता तुमच्या लक्षात येईल की ‘सूटर’ या एका शब्दात दोन विरुद्ध माणसं राहतात. लग्नाची मागणी घालणारा जे मागतो ते त्याला मिळालंच पाहिजे असं नसतं, म्हणून तर तो मागतो. वादी जे मागतो ते आपल्या हक्काचंच आहे असं त्याचं म्हणणं असतं. त्याला नकार ऐकायचा नसतो, नकार मोडून काढायचा असतो. दोघं एकाच दारातून आले म्हणून एकच नाव मिळालं, पण आत शिरल्यावर त्यांच्या वाटा उलट्या होतात.

हे दोघं एकाच माणसात एकत्र आले की काय होतं, हे आपल्या मुंबईत घडलेलं आहे. रखमाबाईंचा खटला तुमच्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल, पण आज तो या शब्दाच्या अंगाने बघा.

रखमाबाईंचा जन्म १८६४चा. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावलं गेलं. लग्नानंतर त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. वय वाढलं, वाचन वाढलं, आणि या माणसाबरोबर आपल्याला राहायचं नाही हे त्यांचं मत पक्कं झालं. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की माझी बायको माझ्या ताब्यात द्या. कायद्याच्या भाषेत, वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना.

म्हणजे या गृहस्थांनी ‘सूट’ केला, पण ते सूटर कधी झालेच नव्हते. ज्या मुलीशी लग्न झालं तिला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. आणि ती विचारण्याच्या वयाची झाली तेव्हा विचारण्याऐवजी तिच्यावर समन्स बजावलं. मागणी वगळून थेट दावा!

सप्टेंबर १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यांच्या युक्तिवादाचा एक धागा आमच्यासारख्या शब्दवेड्याला फार आवडतो. ‘पुनःस्थापना’ कशाची करायची? जे एकदा होतं आणि मोडलं, त्याची. इथे तर सहजीवन सुरूच झालेलं नव्हतं. हा कायदा मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतला, आणि तिथेही तो एकत्र राहून वेगळ्या झालेल्या जोडप्यांसाठी. कधी न नांदलेल्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणं त्यांना रानटीपणाचं वाटलं.

पुढचा इतिहास कडवट आहे. अपिलात हा निकाल फिरवला गेला आणि खटला परत खाली आला. मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन. देशभर वाद पेटला. लोकमान्य टिळकांसारखा नेताही या प्रकरणात त्यांच्या विरोधी बाजूला होता. रखमाबाईंनी आधीच १८८५ साली ‘अ हिंदू लेडी’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहून बालविवाहाने बाईचं काय होतं ते मांडलं होतं. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षं स्त्रियांची सेवा केली. १९५५ साली त्या वारल्या. १८९१चा संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागे ज्या चर्चा होत्या त्यांत या खटल्याचाही वाटा होता.

दोन हजार रुपयांचा आकडा विसरू नका. रखमाबाईंना आपलं ‘नाही’ विकत घ्यावं लागलं. जी गोष्ट आमंत्रणात फुकट मिळायला हवी, तिची किंमत मोजावी लागली.

याच काळात उलटं उदाहरणही महाराष्ट्रातच घडत होतं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला, आणि त्याच वर्षी सत्यशोधक पद्धतीची लग्नं लागू लागली. फुल्यांनी त्यासाठी मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू गप्प उभी नाही. ती स्त्रियांच्या हक्कांविषयी वराला सुनावते आणि ते हक्क देण्याची शपथ त्याच्याकडून मागते, आणि तो ती देतो. म्हणजे मांडवात दोघंही मागतात आणि दोघंही उत्तर देतात. ‘वर’ या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता असं आम्ही म्हणू.

आपल्या या भागातही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. आगरी समाजात धवलारीण आणि वारली समाजात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. विधी ती सांगते, गाणी ती म्हणते. वारल्यांमध्ये हुंडा नाही, उलट मुलाकडच्यांनी मुलीकडे देज द्यायचं. मागणारा कोण हे तिथे स्पष्ट असतं. पण यावरून तिथल्या प्रत्येक मुलीला नकाराची मोकळीक होती असा निष्कर्ष काढू नका. रीत बाईच्या हाती असणं आणि निवड बाईच्या हाती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आमच्या घरातलं सांगतो. न सांगता हे व्याख्यान पुरं केलं तर ते खोटं होईल.

आमची थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो. १९६६-६७च्या सुमाराची गोष्ट. तिला बघायला लोक येत. आग्रा रोडवर एस.टी. थांबायची, तिथून पाहुण्यांना घरी आणायचं काम आमचं. पाण्याचे तांबे-पेले द्यायचं कामही आमचं. ताई पोह्यांच्या बशा घेऊन यायची, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि आत जायची. चार स्थळं झाली, त्यांच्याकडून नकार आले. नकार देण्याची मुभा होती, ती त्यांना. पाचव्या स्थळाकडून होकार आला. घरात आनंद झाला. आमच्या आत्याने स्वयंपाकघरात तिला विचारलं, “पसंत आहे ना गं?” ताईने विचारलं, “नाही म्हटलं तर काय होईल?”

कुणी उत्तर दिलं नाही. आत्या हसली, आई चुलीकडे वळली. आम्ही दारात उभे होतो, सोळा-सतरा वर्षांचे, चांगले कळते. आम्हीही बोललो नाही. पुढे आयुष्यभर आम्ही स्वातंत्र्य या विषयावर वर्गात बोललो, प्रबंध लिहिला, परीक्षेचे पेपर काढले. पण आमच्यासमोर या विषयावर विचारलेला सर्वांत नेमका प्रश्न तो होता, आणि तो अनुत्तरित राहिला.

त्या मुलीने ‘सूटर’बद्दल विचारल्यावर आम्ही गेल्या महिन्यात ताईकडे गेलो. ती आता ऐंशीच्या घरात आहे. भावजी गेले, त्याला बरीच वर्षं झाली. संसार चांगला झाला तिचा, माणूस खरंच भला होता. आम्ही तिला विचारलं, “ताई, तेव्हा तुला कुणी खरंच विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?” ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “अरे, हो’च म्हणाले असते. पण म्हणायला मिळालं असतं.”

आम्ही महिनाभर पोथ्या चाळत होतो, आणि उत्तर शेंगांच्या सुपाशेजारी होतं. जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही तिथे ‘हो’सुद्धा म्हणता येत नाही. तिथे फक्त गप्प बसता येतं, आणि त्या गप्प बसण्यालाच आपण ‘मुलीचा होकार’ म्हणत आलो. नकाराची मुभा देऊन मागणारा माणूस काही गमावत नाही. उलट होकार मिळालाच तर तो खरा असेल, याची हमी त्याला तेवढ्यानेच मिळते.

आता समोर बसलेल्या तरुण मुलांसाठी दोन शब्द. शब्दाच्या मुळाशी ‘मागोमाग जाणारा’ आहे हे आपण पाहिलं. सोबत चालणारा सखा आणि आखाड्यात पाठी लागणारा सेक्यूटोर, दोघंही त्याच मुळातले. आपली मराठीही हेच दाखवते. ‘मागणी घालणे’ हा सभ्य शब्द आणि ‘मागे लागणे’ हा त्रासाचा शब्द, दोन्ही एकाच ‘मार्गा’चे. मग मागणी कुठे संपते आणि पाठलाग कुठे सुरू होतो? तिने ‘नाही’ म्हटलं त्या क्षणी. त्या पुढचं प्रत्येक पाऊल सूटरचं नाही, सेक्यूटोरचं आहे. सिनेमाने आपल्याला दुसरंच शिकवलं. नायिकेचा नकार म्हणजे होकाराची पहिली पायरी, आणि चिकाटी म्हणजे प्रेम. ‘एकतर्फी प्रेमातून’ अशी सुरुवात असलेल्या बातम्या त्या शिकवणुकीचा शेवट आहेत.

कायद्यानेही रेषा तिथेच ओढली आहे. २०१३ साली दंडसंहितेत कलम ३५४-ड आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही तिचा वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कायद्याने प्रेमाला गुन्हा म्हटलेलं नाही, मागणीलाही नाही. नकार न ऐकण्याला म्हटलं आहे. तरी काम पुरं झालेलं नाही. रखमाबाईंच्या खटल्यातली ती ‘पुनःस्थापना’ १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आली आणि आजही आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. त्यावरचा वाद संपलेला नाही, आणि तो संपू नये असं आम्हांला वाटतं.

होमरच्या ‘ओडिसी’त पेनेलोपी नावाची राणी आहे. नवरा युद्धावरून परतलेला नाही, आणि घरात तिला मागणी घालणारे एकशे आठ जण ठाण मांडून बसलेत, तिचंच अन्न खात. ती म्हणते, सासऱ्यांसाठी कफन विणते आहे, ते झालं की निवड करीन. दिवसा विणते, रात्री उसवते. तीन वर्षं. भिवंडीच्या माणसाला हे ऐकून वाटेल, एवढं कापड फुकट! पण ते फुकट नव्हतं. सरळ ‘नाही’ म्हणायची सोय नसलेल्या बाईने तीन वर्षं रोज रात्री उसवून उसवून म्हटलेलं ते ‘नाही’ होतं. आपल्या घरांतल्या किती बायकांनी असं काय काय उसवलं असेल, याचा हिशोब कुठे लिहिलेला नाही.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सूटरला मराठीत ‘मागणी घालणारा’ म्हण. परीक्षेत तेवढं लिहिलंस तरी पुरे. पण तुझ्या दारात कुणी आला, तर त्याच्यासमोर आमच्या ताईचा प्रश्न ठेव. “मी नाही म्हटलं तर काय होईल?” जो शांतपणे म्हणेल, “काही नाही, मी परत जाईन,” तो सूटर. त्याचा विचार कर. बाकीचे दावा लावायला आलेत असं समज.

आणि पोरांनो, हा प्रश्न तिने विचारायची वाट बघू नका. घरी जाल तेव्हा, बहिणीचं स्थळ बघणं चालू असेल तर, तुम्हीच तिला विचारा. पाण्याचा तांबा हातात घेऊन दारात नुसते उभे राहू नका. आम्ही उभे राहिलो होतो.